हॅमॉक कोणासाठी घ्यायचा?

परसात हॅमॉक लावायचा म्हटलं की तीन प्रश्न येतात. कशाला बांधायचा, कशाचा घ्यायचा आणि कोणासाठी घ्यायचा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तासाभरात मिळतात. तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, कारण उत्तर उघड वाटतं: माझ्यासाठी. पैसे मी देतोय, दमलोय मी, म्हणजे झोपणारही मीच.

हॅमॉक विकणारेही हेच धरून चालतात. कुठल्याही ऑनलाइन दुकानात बघा, सूर एकच असतो. आठवडाभर राबलात, आता थोडा वेळ स्वतःला द्या, हा आराम तुम्ही कमावलाय, रिचार्ज व्हा. पाच-सहा ओळींच्या या मजकुरात एक अख्खा नैतिक सिद्धांत दडलेला आहे: विश्रांती हे कामाचं बक्षीस आहे, आणि ती पुढच्या कामासाठीचं इंधनही आहे. हा सिद्धांत आपल्याला इतका सवयीचा झालाय की तो सिद्धांत आहे हेही लक्षात येत नाही. तो तपासून पाहावा, एवढ्यासाठी हा लेख.

आधी सोपे प्रश्न उरकू. आमचं घर चिपळूणजवळ आहे आणि मागं थोडी बाग आहे. नारळ आहेत, पण नारळाखाली झोपणं म्हणजे डोक्यावर पैज लावणं. सुपारी बारीक. पपईचा प्रश्नच नाही. शेवग्याची फांदी हाताएवढी जाड असली तरी काडकन मोडते. उरतात एक जुना रायवळ आंबा आणि एक फणस. दोघांत साधारण चार मीटरचं अंतर. हॅमॉकला तेवढंच लागतं.

झाडाला बारीक दोरी बांधू नये. झाडाचं जिवंत काम सालीच्या आतल्या पातळ थरात चालतं आणि दोरी तिथंच रुतते. त्यापेक्षा दोन-तीन बोटं रुंद पट्टा चांगला, म्हणजे भार पसरतो. कापडाचं म्हणाल तर सुती अंगाला सगळ्यात छान लागतं, पण कोकणातल्या पावसात ते कुजतं. नायलॉन भिजलं की ताणतं आणि उन्हात कमजोर होतं. पॉलिएस्टर ऊन-पाऊस बऱ्यापैकी सोसतं. दोन्ही टोकांना लाकडी दांडा असलेला हॅमॉक फोटोत देखणा दिसतो, पण कुशीवर वळलात की उलटतो. बिनदांड्याचा, कापड एकत्र गोळा होणारा हॅमॉक दिसायला गबाळा, पण त्यात तिरकं आडवं झालं की पाठ जवळपास सपाट राहते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो किती घट्ट बांधायचा. नवखा माणूस ताणून बांधतो, कारण सरळ रेषेत बांधलेला हॅमॉक व्यवस्थित दिसतो. गणित मात्र उलट सांगतं. दोरीनं आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन केला, तर ७० किलोच्या माणसासाठी प्रत्येक दोरीवर ७० किलोइतका ताण येतो. कोन १० अंशांवर आणला तर तोच ताण २०० किलोंच्या वर जातो. ५ अंशांवर तो ४०० किलो होतो. माणूस तेवढाच आणि झाडंही तीच, पण ताण जवळपास सहापट. अकरावीच्या फिजिक्समधलं हे गणित आहे आणि त्यातून एवढंच घेऊ: आडवा झालेला माणूस हवेत तरंगत नाही. त्याचा भार कुठंतरी जातो. तो कुठं जातो हे झोपणाऱ्याला दिसत नाही, कारण त्याचं तोंड आभाळाकडं असतं.

आता तो जाहिरातवाला सिद्धांत. त्याचे दोन भाग आहेत.

पहिला भाग असा की विश्रांती हे इंधन आहे. आमच्या क्षेत्रात हे फार बोललं जातं. सुट्टी घ्या, म्हणजे सोमवारी ताजेतवाने याल. झोप घ्या, म्हणजे कोडमध्ये बग कमी निघतील. यात खोटं काही नाही. पण विश्रांतीचं समर्थन एवढंच असेल, तर ज्याच्या विश्रांतीतून पुढं काही निघणार नाही त्याचं काय? ऐंशी वर्षांचे आजोबा दुपारी दोन तास झोपतात, ते कुठल्या सोमवारसाठी? अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कूस बदलून दिल्यावर बरं वाटतं, त्यातून कोणतं उत्पादन वाढतं? आपल्यापैकी कुणीही म्हणणार नाही की त्यांना आरामाचा हक्क नाही. म्हणजे आरामाचा हक्क कामाच्या उपयोगातून येत नाही हे आपल्याला आतून माहीत असतं. फोनची बॅटरी चार्ज करतात ती फोन वापरण्यासाठी. माणसाच्या बाबतीत वापरणारा आणि चार्ज होणारा एकच, म्हणून तुलना काही वेळ चालते आणि मग बंद पडते.

दुसरा भाग असा की विश्रांती हे बक्षीस आहे, कमावावं लागतं. हे जास्त न्याय्य वाटतं. जो राबतो त्यानं आराम करावा, यात वावगं काय? पण हा नियम खरंच लावून बघा. जास्त शारीरिक कष्ट त्याला जास्त आराम, असा हिशोब मांडला तर पहिला हॅमॉक ऊसतोड कामगाराला मिळायला हवा. दुसरा बांधकामावर विटा वाहणाऱ्या बाईला. माझा नंबर बराच मागं लागेल. प्रत्यक्षात उसाच्या फडात किंवा बांधकामाच्या जागी झोळी दिसते ती एकच: जुन्या साडीची, तान्ह्या बाळासाठी. आई दिवसभर तिच्यात बाळाला टाकते, जाता-येता झोका देते आणि स्वतः उभी राहते. म्हणजे 'कमावलेला आराम' या कल्पनेत कमाईचा अर्थ कष्ट असा नाहीच. कमाई म्हणजे पैसे. आराम विकत घेता आला की आपण तो कमावला असं म्हणतो.

याची दुसरी बाजू आणखी बोचरी आहे. भर दुपारी मी परसात आडवा झालो तर त्याला वेलनेस म्हणतात. सोसायटीचा वॉचमन रात्रपाळीत खुर्चीत पेंगला तर त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो. शरीराची गरज एकच, शब्द दोन. वॉचमनचं काम जागं राहण्याचं आहे हे मान्य. पण त्याची पाळी बारा तासांची का आहे, हा प्रश्न त्या फोटोखाली कुणी विचारल्याचं मी पाहिलेलं नाही.

हॅमॉकचा स्वतःचा इतिहासही असाच आहे. तो शब्द कॅरिबियन बेटांवरच्या टाइनो लोकांचा: हमाका. १४९२ मध्ये कोलंबस तिथं पोचला तेव्हा हे लोक सुती जाळ्यांसारख्या अंथरुणांवर झोपतात, अशी नोंद त्यानं केली. जमिनीवरची ओल, साप आणि किडे यांपासून दूर राहायला यासारखी दुसरी युक्ती नाही. पुढच्या काही दशकांत टाइनो लोकांना सोन्याच्या खाणींत आणि शेतांवर सक्तीनं राबवलं गेलं. सक्ती, उपासमार आणि युरोपातून आलेले रोग यांत त्यांची वस्ती जवळपास संपली. ज्यांनी झोपायची ही सुंदर रीत शोधली त्यांना झोपू दिलं गेलं नाही. शब्द तेवढा स्पॅनिश आणि इंग्रजीत शिल्लक राहिला.

मग तो जहाजांवर गेला. १५९७ मध्ये इंग्लंडच्या नौदलानं हॅमॉक अधिकृतपणे स्वीकारला. जहाज हललं तरी झोपणारा त्याच्याबरोबर हलतो, पडत नाही, म्हणून तो सोयीचा. पण खरी सोय जागेची होती. पुढच्या काळातल्या युद्धनौकांवर एका खलाशाच्या वाट्याला १४ इंच रुंदीची जागा येई. अर्धे लोक पाळीवर असत म्हणून प्रत्यक्षात थोडी जास्त मिळायची. सकाळी हॅमॉक गुंडाळून ठेवायचा, रात्री पुन्हा टांगायचा, आणि खलाशी मेला तर त्यातच शिवून त्याला समुद्रात सोडायचं. तीच वस्तू टाइनोंच्या घरात निवांतपणाची होती. नौदलात ती कमी जागेत जास्त मजूर ठेवायचं साधन झाली. आणि आज ती रिसॉर्टच्या फोटोत श्रीमंतीची खूण आहे. कापड आणि दोरी तीच, फक्त ती कोणाच्या हुकमावरून टांगली जाते ते बदललं.

विश्रांतीवर तत्त्वज्ञांनी लिहिलंय, त्यातही हीच अडचण आहे. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की आपण धावपळ करतो ती शेवटी निवांतपणा मिळावा म्हणून. म्हणजे त्याच्या मते निवांतपणा कामासाठी नसून काम निवांतपणासाठी आहे. इंधनाच्या सिद्धांताला यापेक्षा चांगलं उत्तर नाही. पण त्याच्या नगरात हा निवांतपणा गुलामांच्या श्रमावर उभा होता, आणि हे त्याला ठाऊक होतं. मागावरचा धोटा आपला आपण चालला असता तर मालकांना गुलाम लागले नसते, अशा अर्थाचं त्यानंच लिहिलंय.

मग साधारण बावीसशे वर्षांनी धोटा खरोखरच आपला आपण चालू लागला. मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या. अ‍ॅरिस्टॉटलच्या हिशोबानं आता माणसं मोकळी व्हायला हवी होती. झालं उलटंच. गिरणीत काम उजेड पडल्यापासून अंधार पडेपर्यंत चाले आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. यंत्रानं वेळ वाचवला, पण वाचलेला वेळ कोणाला द्यायचा हे यंत्र ठरवत नाही. ते माणसं ठरवतात. जोतिराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ही सुट्टी कुणाला बक्षीस म्हणून मिळाली नाही. ज्यानं आठवड्यात कमी कापड विणलं त्यालाही रविवार पूर्णच मिळाला.

माझं काम ऑटोमेशनचं आहे, म्हणजे धोटे आपोआप चालवण्याचं, म्हणून ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. एखादी स्क्रिप्ट लिहून आम्ही कुणाचे तरी रोजचे तीन तास वाचवतो. ते तीन तास त्या माणसाच्या हॅमॉकमध्ये जातात, की त्याला आणखी तीन तासांचं काम मिळतं, की त्याची नोकरी जाते, हे कोडमध्ये कुठंही लिहिलेलं नसतं. १९३२ मध्ये बर्ट्रांड रसेलनं आळसाची बाजू घेत निबंध लिहिला आणि सांगितलं की आधुनिक यंत्रं हाताशी असताना दिवसाला चार तास काम पुरेसं आहे. तेव्हापासून यंत्रं कितीतरी पटींनी सुधारली. चार तास काही आले नाहीत, कारण ते मागण्याचं काम यंत्रांना जमत नाही.

हेच घरातही दिसतं. मिक्सर आला, गॅस आला, वॉशिंग मशीन आलं. तरी २०१९ च्या सरकारी वेळवापर सर्वेक्षणानुसार भारतात घरकाम करणाऱ्या बायका रोज सरासरी २९९ मिनिटं त्या बिनपगारी कामात घालवत होत्या. पुरुषांतले जे घरकाम करत होते त्यांची सरासरी ९७ मिनिटं होती. आणि घरकामाला हात लावणारे पुरुष मुळातच कमी.

इथं आमच्या परसाकडं परत येतो. कोकणातल्या जुन्या घरात झोपाळा असतो तो पुढं, ओटीवर किंवा पडवीत. आल्यागेल्याशी बोलायला, जेवणानंतर रेलायला. तिथं कोण बसायचं हे आठवून बघा. बहुतेक घरांत उत्तर एकच येईल, आणि बायका तेव्हा माजघरात किंवा चुलीपाशी असायच्या. कुणी मनाई केलेली नसायची. पण रस्त्यावरून दिसेल अशा जागी बाईमाणूस दुपारचं आडवं झालं तर काय म्हणतील, हा धाक पुरेसा होता. वस्तू सगळ्यांची असली तरी तिची जागा ठरवते की ती कोण वापरणार.

हॅमॉकचंही तेच. तो पुढच्या खळ्यात टांगला तर मी झोपेन, चुलतभाऊ झोपतील, पोरं झोके घेतील. आई कधीच झोपणार नाही. मागच्या दारी, आंबा-फणसाच्या मधे, विहिरीच्या आडोशाला टांगला तर कदाचित झोपेल. कापड जमिनीपासून खुर्चीइतक्या उंचीवर, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटरवर ठेवलं, तर गुडघे दुखणाऱ्या माणसालाही त्यातून उठता येतं. जाळीत पाय आणि पदर अडकतात, सलग कापडात अडकत नाहीत. कोणासाठी घ्यायचा हे ठरलं की कशाचा आणि कशाला याचीही उत्तरं बदलतात. ऑनलाइन फिल्टर लावताना रंग, वजन, किंमत असे पर्याय येतात. हा पर्याय येत नाही.

यावर आई काय म्हणणार हे मला माहीत आहे. "तूच झोप रे, मला कुठं वेळ?" आणि तिचं बरोबर आहे. चार वाजता चहा, पाच वाजता वाळत घातलेलं काढायचं, सहाला दिवाबत्ती, मग रात्रीचा स्वयंपाक. हॅमॉक आणून टांगला म्हणून यातलं एकही काम कमी होत नाही. 'तूही जरा पड ना' असं म्हणणं सोपं आहे, फुकट आहे, आणि म्हणणाऱ्याला फार बरं वाटतं. तिला कामातच आनंद मिळतो असंही म्हणतात. मिळतही असेल. पण पाच वाजताचं आणि सहाचं काम दुसऱ्या कुणी उचललं तरच ते तपासता येईल. पर्यायच नसताना आवड काय आहे हे कळत नाही.

बागेत साफसफाईला काका येतात, त्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. जेवण झालं की ते फणसाखाली गोणपाट टाकून थोडा वेळ पडतात. उद्या त्याच फणसाला हॅमॉक असेल. त्यांना म्हणायचं का, की काका, वर झोपा? म्हणावं, जरूर म्हणावं. पण ते झोपणार नाहीत, आणि मालकाच्या मुलानं आग्रह केला म्हणून संकोचत झोपले तर ती विश्रांती असणार नाही. लोखंड्यांच्या गोष्टीतून मला कळतं ते हे, की विश्रांती मनाच्या मोठेपणावर सोडायची नसते. ती आधीपासून ठरलेली लागते. दुपारचा एक तास त्यांचा, त्या तासात घरातून हाक जाणार नाही, आणि आठवड्याची एक सुट्टी पैसे न कापता. हे असेल तर ते गोणपाटावरही निवांत झोपतील. केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसायला जागा देणं कायद्यानं बंधनकारक केलं. त्याआधी कपड्यांच्या दुकानांतल्या बायकांना गिऱ्हाईक नसतानाही दिवसभर उभं राहावं लागायचं. बसण्यासारख्या गोष्टीसाठी कायदा लागतो हे ऐकायला विचित्र वाटतं, पण चांगल्या मालकाची वाट पाहण्यापेक्षा ते बरं.

मग हॅमॉक घेऊच नये का? काही मित्र असं म्हणतील, आणि त्यात एक सोवळेपणा आहे जो मला पटत नाही. मी आडवा झालो नाही म्हणून ऊसतोड कामगाराला एक मिनिटही जास्त मिळत नाही. अपराधी भावनेनं ताठ बसून राहणारा माणूस कुणाचंच ओझं उतरवत नाही. विश्रांती चांगलीच गोष्ट आहे, आणि ती चांगली आहे म्हणूनच तिच्या वाटपाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

आळस वाईट का, याचंही उत्तर मला इथंच सापडतं. कुणी किती तास लोळलं यावर ते ठरत नाही. आपल्या वाटचं काम कुणी दुसरा न विचारता उचलतोय का, यावर ठरतं. रविवारी चार तास लोळणारा माणूस आळशी असेलच असं नाही. पंधरा मिनिटंच लोळणारा, पण त्या पंधरा मिनिटांत दोनदा चहा मागवणारा, मात्र आळशी आहे. पहिल्याचा भार झाडांवर आहे, आणि झाडं तो बांधताना नीट पाहून निवडलेली आहेत. दुसऱ्याचा भार स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या कुणावर तरी आहे.

तर आमचं असं ठरतंय. सलग कापडाचा, बिनदांड्याचा, दोन माणसांच्या मापाचा, कारण एका माणसालाही तिरकं झोपायला रुंदी लागते. मागच्या दारी, आंबा आणि फणसाच्या मधे. रुंद पट्टे, ३० अंशांचा कोन, मधे भरपूर झोळ. मृगाआधी काढून आत ठेवायचा. शनिवार-रविवार मी घरी असेन तेव्हा चारचा चहा आणि पाच वाजताचे कपडे माझ्याकडं. काकांची सुट्टी कुठल्या वारी ते त्यांना विचारून ठरवायचं. एवढं झाल्यावरही आई त्यात झोपेल की नाही हे सांगता येत नाही, आणि तिनं झोपलंच पाहिजे असंही नाही. कदाचित ती त्यात कोकमं वाळत घालेल.